घसरू नका असं डॉक्टर म्हणाले होते

नळदुर्ग,
पौष शुद्ध पंचमी, शके १८८४

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

धाकट्या राघवेंद्राचा नमस्कार. साष्टांग घालायचा तर आधी वाकावं लागतं आणि वाकायला मला डॉक्टरांची मनाई आहे. तेव्हा फळीवर उताणं पडल्यापडल्या हात जोडतो, ते तुमच्या पायांपर्यंत पोचले असं धरून चालावं. तुमचा दमा कसा आहे? तुळजापूरची थंडी वाईट. पहाटे कानाला मफलर बांधल्याशिवाय बाहेर पडू नका. वहिनींचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या न्हाणीच्या तोंडाशी जो शेवाळलेला दगड आहे तो काढलात का? मागच्या पत्रातही मी हे विचारलं होतं, त्याच्या मागच्यातही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, त्यावरून तो अजून तिथंच आहे असं मी समजतो आणि मला झोप येत नाही.

माझ्या दुखण्याची सुरुवात तुम्हाला ठाऊकच आहे. वर्गात पानिपत शिकवताना खडू खाली पडला, तो उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. (पोरांना वाटलं, मास्तर भाऊसाहेब पडल्याचा प्रसंग करून दाखवताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.) मग सोलापूर, मग ऑपरेशन, मणक्यांमधली सरकलेली चकती काढणं वगैरे सगळं झालं. घरी सोडताना डॉक्टर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, आता थोडं थोडं हिंडाफिरा. फक्त वजन उचलू नका, वाकू नका, आणि मुख्य म्हणजे घसरू नका." बाकीचं सगळं मी विसरलो. हे शेवटचं वाक्य तेवढं कानात राहिलं. अण्णा, माणूस पडू नये म्हणून काळजी घेऊ शकतो, पण घसरणं हे काही आपल्या हातात असतं का? ते पायाखालच्या वस्तूच्या हातात असतं. आणि या जगात पायाखाली किती ओल आहे, हे मला दवाखान्यातून आल्यावर कळलं.

आमचं अंगण तुम्ही पाहिलं आहे. शहाबादी फरशीचं, आमच्यात आणि शेजारच्या रुद्रम्मात सामाईक. पूर्वी मला ती फरशी आवडायची. आता थंडीचं दव पडून ती पहाटे अशी चकाकते की बघूनच पाठीतून कळ जाते. वर रुद्रम्मा सकाळी शेणाचा सडा घालणार, प्रमोदिनी मोरीपाशी भांडी घासणार, आणि कुणी तरी न्हाऊन निथळत जाणार. पेपरात वाचतो की आपले जवान तिकडं हिमालयात बर्फावर उभे आहेत, आणि मी इकडं सड्याला भिऊन उंबऱ्याच्या आत उभा! लाज वाटते, पण पाय पुढं जात नाही. सुरुवातीला अंगणात राख पसरून पाहिली. ती घरभर झाली, तेव्हा प्रमोदिनी म्हणाली, "अहो, माणसं राख शेवटी सावडतात, तुम्ही आधीच अंथरायला लागलात." राख गेली. मग मी पोती आणवली आणि आमच्या उंबऱ्यापासून मोरीपर्यंत एकापुढं एक अंथरून घेतली. पोत्यावर पाय टेकला की जिवाला जरा बरं वाटायचं. रुद्रम्मा मात्र ती पोती बघून रोज कपाळाला हात लावायची. "अय्यो मास्तर, हे अंगण हाय का धान्याचा बाजार?"

ही रुद्रम्मा म्हणजे माणिकप्पाची आई. (माणिकप्पा, तेलाच्या दुकानाचा. तुम्ही आला होतात तेव्हा त्यानं तुम्हाला करडईचं तेल दिलं होतं.) नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. बोलायला कडक, निम्मं मराठी, निम्मं कानडी. मी दवाखान्यातून आलो त्या दिवशी तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी मी पोती अंथरली म्हणून भांडली.

आता मुख्य हकीकत. परवाच्या अवसेला येळवस झाली. त्या दिवशी आपल्याकडं पूजा रानात, जेवणही रानात; गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. माणिकप्पाच्या रानात आमचंही बोलावणं होतं. पण बैलगाडीचे हादरे, ज्वारीतली ओली ढेकळं, पाण्याचे पाट! मी नको म्हणालो. प्रमोदिनीनं जाऊ नये असंही मला मनातून वाटत होतं, पण ती महिनाभर माझ्या उशाशी बसलेली. तिला म्हटलं, जा. रुद्रम्माची म्हैस व्यायला झाली होती, म्हणून ती एकटी मागं राहिली. जाताना प्रमोदिनी तिला सांगून गेली, "अम्मा, यांच्याकडं लक्ष ठेवा बरं." मी दाराशी खुर्चीत बसलो. गल्ली इतकी शांत की हमरस्त्यावरून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची घरघर ऐकू येत होती.

दुपार कलायला लागली तशी रुद्रम्मा तिच्या दारातून निघाली. एका हातात आंबिलीचा तांब्या, दुसऱ्यात भज्जी-भाकरीचं ताट. मला म्हणते, "रानात न्हाय गेलात तर रान इथं आणते." मी हसलो. फरशीवरून ती नेहमीच्या सवयीनं चालत आली, कारण तिचा पाय त्या फरशीला पन्नास वर्षं ओळखतो. पण माझं पोतं तिला ओळखीचं नव्हतं. तिनं त्यावर पाय ठेवला आणि ते पोतं, अण्णा, खालच्या ओल्या फरशीवरून सर्रकन निघालं. तांब्या उडाला. रुद्रम्मा कुशीवर पडली. काहीतरी मोडल्याचा आवाज आला, तो अजून माझ्या कानात आहे.

मी उभा राहिलो. इथवर ठीक. पण त्यापुढं मी काय केलं ते सांगतो : काहीच नाही. चौकट धरून उभा राहिलो. मधे सगळी आंबील सांडलेली. ज्वारीचं पीठ नि ताक कालवलेलं ते, शहाबादीवर पसरलेलं. ज्या गोष्टीला भिऊन मी रात्री दचकून उठत होतो ती सगळी एका जागी, एका पातेल्यात घोटून कुणी माझ्यापुढं ओतली होती. मी हाका मारल्या. "अहो, कुणी आहे का? माणिकप्पा! गोविंदराव!" जो तो आपापल्या रानात. कुठून तरी एक कुत्रं तेवढं आलं आणि आंबील चाटायला लागलं. (येळवशीला गावात कुत्रंही राहत नाही असं वर लिहिलं आहे, ते दुरुस्त करून वाचावं.) रुद्रम्माचा पाय बाहेरच्या अंगाला भलताच वळलेला. चेहरा पांढरा. ओठ हलत होते. मला वाटलं, शिव्या देते आहे. कान देऊन ऐकलं तर ती म्हणत होती, "मास्तर, तुमी येऊ नका. घसराल."

अण्णा, ते ऐकल्यावर मी खाली बसलो. धैर्य वगैरे काही नाही, हातातली चौकट सुटली एवढंच. आणि बसल्यावर ध्यानात आलं, बसलेला माणूस काय घसरणार? तसाच मी बसून निघालो. रांगायला लागण्याआधी पोरं जशी बुडावर सरकतात तसा, पाठ ताठ ठेवून, हात मागं टेकत, आंबिलीतून. गार आंबील धोतरातून आत झिरपली. कुत्र्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि वाट दिली. तिच्यापाशी पोचलो. अंगावरची धाबळी काढून तिच्यावर घातली. तिचा हात बर्फासारखा झाला होता. म्हणाली, "पाय हलना, मास्तर." मी म्हटलं, "हलवू नका." मग म्हणाली, "म्हशीला कोण बघंल?" 

तिला उचलणं मला शक्य नव्हतं. उचललं असतं तर दोघंही तिथंच राहिलो असतो. गावात माणूस नाही, मग हमरस्ता उरला. भिंतीला धरून उठलो, भिंतीला धरूनच गल्ली उतरलो. हॉटेलाच्या कोपऱ्यावर सांडपाणी वाहतं ना, तिथं डोळे मिटावेसे वाटले, पण डोळे मिटून घसरण्यापेक्षा उघडे ठेवून घसरावं असा विचार केला. रस्त्यावर जाऊन हात पसरून उभा राहिलो. शेंगांची पोती भरलेला एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर गोरोबा, उमरग्याकडचा. खाली उतरून त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगात नुसता सदरा, त्याखाली कमरेचा पट्टा, धोतरातून आंबील ठिबकते आहे.

"काय झालं? दवाखान्यात जायचंय का?"

"मला नाही. एक म्हातारी पडली आहे."

"मग तुमाला काय झालंय?"

"मला ऑपरेशन झालंय."

"म्हंजी पेशंट दोन," असं म्हणून त्यानं क्लीनरला हाक मारली.

माझ्या खाटेवरची सागवानी फळी, जिच्यावर मी हे पत्र लिहितो आहे, ती त्या दोघांनी काढून आणली. रुद्रम्माला तिच्यावर घेतलं, धाबळीनं बांधलं आणि ट्रकात शेंगांच्या पोत्यांवर नेऊन ठेवलं. मी समोर चढून बसायचं म्हणत होतो, पण तिनं माझा सदरा धरला होता, तो सोडेना. गोरोबानं मलाही कमरेला धरून वर चढवलं. सोलापूरपर्यंतचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडायचो, "गोरोबा, हळू!" आणि ती ओरडायची, "जोरात चल रे, बाबा!" बिचारा गोरोबा दोघांचं ऐकत गेला. मी दर खड्ड्यानंतर पायाची बोटं हलवून बघत होतो. तेवढ्यात तिचे डोळे मिटले आणि हातही सैल पडला. मग मी माझी बोटं विसरलो. तिच्या नाकाशी हात धरून बसलो. श्वास लागत होता. एवढी भीती मला माझ्या ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मलाच पाहिलं. "मास्तर, घसरलात ना शेवटी?" मी म्हटलं, "नाही. पण मी अंथरलेल्या पोत्यावरून या घसरल्या." त्यांनी रुद्रम्माला आत नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. नंतर माझी पाठ दाबून पाहिली, मला चालवलं, वाकू नका म्हणाले आणि धोतर बदला म्हणाले. बाकी ठीक आहे.

निघताना दारावर खडूनं लिहून ठेवलेला माझा निरोप वाचून रात्र पडताना माणिकप्पा आणि प्रमोदिनी धापा टाकत आले.  प्रमोदिनी माझ्या धोतरावर वाळलेली आंबील नखानं खरवडत राहिली आणि रडत राहिली. माणिकप्पा म्हणाला, "अम्मा सांगती, चक्कर आली म्हणून पडले." अण्णा, गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मला राहवेना. म्हटलं, "चक्कर नाही, माणिकप्पा. माझं पोतं होतं."  तो उठून गेला. मला वाटलं, आता हा आमच्याशी कायमचा बोलणार नाही. थोड्या वेळानं आला तो हातात चहाचे दोन कप घेऊन. एक मला दिला. म्हशीला पारडी झाली, हेही तेव्हाच सांगितलं.

असो. पोती मी काढून टाकायला लावली आहेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मफलरचं विसरू नका.

आपला आज्ञाधारक,
राघवेंद्र

ता. क. : वरचं वाचून तुमची समजूत होईल की राघवेंद्राची भीती गेली. प्रमोदिनीचीही झाली होती. सोलापूरहून आल्यापासून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. त्या दिवशी गल्ली कशी उतरलो ते आठवलं की आता पडल्यापडल्या घाम फुटतो.

ता. क. दुसरं : खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. रुद्रम्माच्या खुब्यात खिळा घालायचा आहे, येत्या शनिवारी. ती आधी मुळीच तयार नव्हती. माणिकप्पा हात जोडून थकला. शेवटी म्हणाली, "मास्तर उशाशी हुभं राहत असतील तर कापा." मी दवाखान्यातून निघताना तिला शब्द देऊन आलो. आता जायचं तर अंगण आहे, गल्ली आहे, ते सांडपाणी आहे, आणि एसटीची पायरी आहे. माणिकप्पा तिच्याजवळ सोलापुरात. प्रमोदिनीला धरून चालावं तर मी घसरलो की ती माझ्याखाली सापडायची. तेव्हा तुम्ही शुक्रवारच्या मुक्कामाला या आणि शनिवारी मला हाताला धरून एसटीपर्यंत न्या. या, अण्णा. लहानपणी नदीच्या उतारावर धरायचात तसं घट्ट धरा.

ता. क. तिसरं : गल्लीत माझे विद्यार्थी राहतात. राघवेंद्र मास्तरांना थोरल्या भावानं हात धरून नेलं असं दिसू नये. म्हणून मी आजच दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की तुम्हाला हल्ली अजिबात दिसत नाही आणि मीच तुम्हाला धरून सोलापूरला डोळे दाखवायला नेणार आहे. तेव्हा एसटीतून उतरलात की कृपा करून चष्मा काढून खिशात ठेवा.