बेटावरचं जेवण

लेक ऑफ द वुड्स, आमच्या कॅम्पवरून
रविवार, १४ जुलै २०१३

प्रिय डेलिमा,

माझं अक्षर तू ओळखशीलच. कॉन्व्हेंटमध्ये एकाच बाकावर बसून आपण ते गिरवलं. सिस्टर ॲग्नेस तुझ्या बोटांवर पट्टी मारायची आणि रडायचे मी. तुझा गुडघा कसा आहे? पोस्टातल्या मुलीकडून कळलं. इकडे यंदा तळं फार चढलंय, धक्क्याच्या दोन फळ्या पाण्याखाली गेल्यात. पेलिकन आलेत. ब्लूबेरी अजून हिरव्याच आहेत.

रॉय एप्रिलमध्ये गेला. तू दफनाला येणार नाहीस हे ठाऊक होतं, तरी मी चर्चच्या दाराकडे बघत होते.

बघ, मला लिहायचंय चौतीस वर्षांपूर्वीच्या एका दिवसाबद्दल, आणि मी पाण्याची उंची सांगत बसलेय.

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली म्हणून रॉयने कॅम्पची मोठी बोट काढली. त्या दिवशी मासेमारीला आलेले पाहुणे नव्हते. आम्ही दोघं, आणि सुकाणूवर आमच्या कॅम्पचा गाइड, तुझा भाऊ जोसेफाट. इतका सुंदर दिवस मी पुन्हा पाहिला नाही. पाणी एकदम स्थिर, एकामागून एक बेटं, गुलाबी खडक, वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेले पाइन. जोसेफाट बोट हळू करून गरुडाचं घरटं दाखवायचा. रॉयची बिअर सकाळी आठलाच सुरू झाली होती.

रॉयच्या गळाला एक पिकरेल मासा लागला, वीतभर. जोसेफाट म्हणाला, "सोडा साहेब त्याला. पोराची शाळा बुडतेय."

मी हसले. माझं हसणं तुला माहीत आहे, त्यापायी सिस्टर मला वर्गाबाहेर काढायची. रॉयही हसला. तो हसला की मी सावध व्हायला हवं होतं.

तोवर माझ्या बरगड्या दोनदा मोडून झाल्या होत्या. धक्क्यावरून घसरले, असं मी गावात सांगायचे. तू एकदाच म्हणाली होतीस, "ओडील, तो धक्का बदल आता."

दुपारी बेटावर उतरलो. जोसेफाटने मासे साफ केले, चूल पेटवली, बिडाच्या कढईत डुकराची चरबी कढत ठेवली. बेटावरच्या जेवणात कढईला गाइडशिवाय कोणी हात लावत नाही, मालकाची बायकोही नाही. तळ्यावरचं शेंबडं पोरही हे जाणतं. मी बाजूला कांदा चिरत होते.

रॉय मागून आला. "हस ना आता," म्हणाला. माझे केस धरून त्याने माझं कपाळ खडकावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. डोळ्यांत रक्त उतरलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "हस!"

"पुरे करा साहेब," जोसेफाट म्हणाला. "मासे करपतील." तेव्हाही तो थट्टेवारीच न्यायला बघत होता गं.

रॉयने वल्हं उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. जोसेफाट गुडघ्यांवर आला, पाइनच्या काड्यांवर दात थुंकत. रॉयने पाठीत हाणलं, मानेवर हाणलं. मग पाय फाकवून उभा राहिला आणि डोक्याचा नेम धरून वल्हं दोन्ही हातांनी वर नेलं.

मी कढई उचलली आणि त्याच्या तोंडावर उलटी केली.

तो ओरडला तेव्हा खाडीतले सगळे पेलिकन एकदम उडाले. त्याचा डावा डोळा आणि कान तिथेच गेला. वास माशांच्या तळणीसारखाच होता, म्हणून मी आजतागायत मासा खाल्लेला नाही. फुटक्या तोंडाने जोसेफाटने चाळीस मिनिटं बोट पिटाळली. रॉय जगला तो त्याच्यामुळे.

धक्क्यावर पोलिसांनी मला विचारलं, "कढई कोण सांभाळत होतं?"

"जोसेफाट," मी म्हणाले.

ते खरं होतं, डेलिमा. मला तेवढंच विचारलं होतं. पुढचं त्यांनीच जुळवलं आणि मी जुळवू दिलं. दवाखान्यात रॉयनेही तेच नाव घेतलं. बायकोने भाजलं हे सांगण्यापेक्षा तो मेला असता.

कोर्टात मी पांढरे हातमोजे घालून आले होते. कढईच्या दांड्याने माझे दोन्ही तळवे सोलले होते. जोसेफाट म्हणाला, "ओडीलने केलं. बरं केलं, नाहीतर मी मेलो असतो." वकिलाने मला विचारलं, हे खरं का? तू मागून ओरडलीस, "हातमोजे काढ, ओडील!" तुला दंडाला धरून बाहेर काढलं. मी म्हणाले, "नाही."

त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. परत आल्यावर एकाही कॅम्पने त्याला बोट दिली नाही, आमच्या कॅम्पनेही नाही.

रॉयने पुन्हा कधी हात उचलला नाही. त्याच्या तोंडाला मी रोज मलम लावायचे. एका डोळ्याने माझ्याकडे बघत तो म्हणायचा, "आपण दोघांनी मिळून पाठवलं त्याला." मला त्याची भीती होती, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पहिलं वर्षभर ते खरं असेल. नंतर मला भीती होती ती तुझी.

शुक्रवारी मी पोलिसांत जाऊन जबानी दिली, सही केली. नक्कल सोबत जोडली आहे. आता माझ्यावर खटला होईल, आणि जोसेफाटची शिक्षा पुसायला वर्षभर तरी लागेल, असं वकील म्हणतो. गुरुवारी पोलीस मला त्या बेटावर नेणार आहेत, जागा दाखवायला. बोट सकाळी नऊला सुटेल. जोसेफाटला यायचं असेल तर त्याची जागा पुढे, सुकाणूपाशी ठेवायला मी सांगितलंय. यायचं नसेल तर तो कुठे गुडघ्यांवर होता आणि मी कुठे उभी होते, ते मी एकटी दाखवीन.

त्याने कोर्टात जे सांगितलं, ते शब्दन् शब्द खरं होतं. एवढं त्याला माझ्या नावाने वाचून दाखव.

खोटी साक्ष दिलेली, तुझ्या बाकावरची,
ओडील