अन्नम नक्को

१२ जानेवारी

अटकला! सुजाताच्या लग्नात, पंगतीत, सगळ्यांसमोर. पुरीचा एक घास. ना वर येई ना खाली जाई. थुंकीसुद्धा गिळता येईना. मामी पाठीत बुक्के घालतेय, कुणीतरी ओरडतंय, "केळं द्या, केळं!" शेवटी दवाखान्यात दुर्बीण घालून काढला. नवरी सुजाता, आणि सगळ्यांच्या तोंडी मी, त्रिवेणी.

१५ जानेवारी

कोठीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी पुन्हा तेच चित्र काढून दाखवलं. अन्ननलिकेत अ‍ॅलर्जीच्या पेशी येऊन बसतात – इओसिनोफिल – मग नळी सुजते, आखडते. गोळ्या झाल्या, गिळायचं स्टिरॉइड झालं. दूध, गहू, अंडी, दाणे सोडून बघितले, फरक नाही. बाबांचं बेगम बाजारात सुक्या मेव्याचं दुकान, आणि मी काजूला लांबूनच नमस्कार करते!

आता राहिलं बायोलॉजिक नावाचं नवं औषध. दर आठवड्याला इंजेक्शन. सहा महिन्यांनी दुर्बीण, तुकडा काढून तपासणी. पेशी कमी झाल्या तर पुढे चालू. नाहीतर बंद, आणि नळी फुग्यानं ताणायची. "नुसतं बरं वाटून भागत नाही, तुकडा काय सांगतो ते बघायचं," मॅडम म्हणाल्या.

एकोणीस वर्षांची घोडी झालेय. पुरीला घाबरते. कुणाला सांगू!

२ फेब्रुवारी

आज घरी पहिलं इंजेक्शन. बाबांनी दिलं. दुकानात पोती उचलणारा माणूस, आणि टोचताना डोळे त्यांनीच मिटले! मी ओरडले, "बाबा, बघून टोचा!"

१० मे

मॅडमचा फोन. "काही फरक?" काय सांगू? रोज तोच गिचका भात, तेच वरण, घासाला घोट. पाण्याची निळी बाटली उशाशीसुद्धा. आजी म्हणते, "घासागणिक पानी पिती. पोट हाय का घागर!"

कोरडं खाऊन बघायची छातीच होत नाही. "तसंच आहे," म्हणाले.

५ ऑगस्ट

उद्या दुर्बीण. दर वेळी सकाळी सातला असते, उठून उपाशीच जातो. या वेळी दुपारची. सिस्टरचा फोन आईनं घेतला. नेहमीप्रमाणे ऐटीत तेलुगूत बोलली.

भीती वाटतेय. इंजेक्शन बंद झालं तर मग काय?

६ ऑगस्ट

सगळं मुसळ केरात!

सिस्टर म्हणाली होती, "पोद्दुन अन्नम वद्दम्मा." सकाळी अन्नम नको. अन्नम म्हणजे जेवण, आणि अन्नम म्हणजे भातही. आईनं भात धरला! मी सकाळी विचारलं होतं, "खाऊ ना गं?" तर म्हणाली, "भात तेवढा नको म्हनली. भाकर खा, वरनात कुस्करून." उशीर झालेला. भाकरी, वरणाचा डबा, बाटली, सगळं पिशवीत कोंबून ऑटोत बसलो. तेवढ्यात मानसीचा फोन – कॉलेजचा रिझल्ट लागला! साइट उघडेना. अंबरपेठच्या घरून कोठी येईपर्यंत एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं खाणं. पास झाले.

आणि सिस्टरनं विचारलं, "काय खाल्लं?" आईनं ताठ मानेनं सांगितलं, "भाकर! अन्नम नाही दिलं." सिस्टरनं कपाळाला हात लावला. "अन्नम नक्को बोले तो कुछ बी नक्को, अम्मा!" सगळा वॉर्ड हसला. तारीख पुढच्या आठवड्यावर गेली.

सहा महिने वाट बघितली त्या दिवसाची. घरी येऊन आईला म्हणाले, "तुझं तेलुगू घाल चुलीत!" ती तडक स्वयंपाकघरात गेली. मी पिशवी कोपऱ्यात फेकली.

७ ऑगस्ट

पिशवीला वास यायला लागला म्हणून रिकामी केली. वरणाचा डबा – उघडलेलाच नाही, वरण आंबून गेलंय. निळी बाटली – गळ्यापर्यंत भरलेली.

म्हणजे भाकरी कोरडी खाल्ली. अख्खी! एक घोट पाणी नाही. आणि मला कळलंसुद्धा नाही!

तुकडा काय सांगायचं ते पुढच्या आठवड्यात सांगेल. आत आई भाकरी थापतेय, आवाज येतोय. कालपासून आम्ही दोघी बोललो नाही. जाते आणि तिच्याकडे एक भाकरी मागते. कोरडी.