अँबिशन तुझं, स्ट्रगल मष्णूचा

कंग्राळी, सोमवार

चि. भरमू यास अक्काचा आशीर्वाद. तब्येतीचं शेवटी विचारते, कारण आधी विचारलं तर राग निवेल आणि मला तो पत्रभर पुरवायचा आहे. एका पत्रात माणसानं इंग्रजी घालावं तरी किती रं? तुझा मष्णू अँबिशस आहे, लोंढ्याला रेल्वेच्या नोकरीसाठी त्याचा स्ट्रगल चालला आहे, त्याला प्रॉस्पेक्ट्स आहेत, म्हणून त्याचं मनूशी लग्न आणखी दोन वर्षं थांबवावं. आणि त्याच कागदाच्या खालच्या अंगाला, माझ्या मनूनं फायनल पास होऊन धारवाडला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला, तर ती ओव्हरअँबिशस. तुझा पोरगा मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा तसाच उठला, तो अँबिशस. माझी पोरगी पहिल्या खेपेला पास झाली, तिच्यावर ‘ओव्हर’.

तुझं अक्षर मला लागतं (दुसरीपर्यंत शिकले, मग म्हैस व्याली आणि शाळा सुटली), पण हे शब्द लागले नाहीत. म्हणून शाळेच्या मारुतीराव मास्तरांकडं पत्र घेऊन गेले. ते म्हणाले, अँबिशस म्हणजे वर जायची इच्छा धरणारा, स्ट्रगल म्हणजे त्यासाठी झटणं, आणि प्रॉस्पेक्ट्स म्हणजे पुढं काहीतरी भलं होईल अशी आशा. मी म्हटलं, तशी आशा आमच्या खोंडाकडनंही आहे, त्याचं कुणी इंग्रजी करत नाही. मग विचारलं, कुठवर अँबिशस आणि कुठनं पुढं ओव्हर? ती रेघ कुणी मारली? मास्तरांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर परत पुसला. त्यांनाही एक लेक आहे.

आता घरात मी कुणाशी बोलू? मनूच्या बारशाला तू पाळण्यात नारळ ठेवून म्हणालास, ही माझ्या मष्णूची. मामाचा शब्द म्हणून सतरा वर्षं कुणी तो ओलांडला नाही. एवढ्यात दोन चांगली स्थळं आली, ती दारातनं परत गेली. आमचे हे म्हणतात, मामाला विचार. मामा म्हणतो, थांब. पोरगी पाटी-पुस्तक ट्रंकेत घालते आणि काढते, घालते आणि काढते. बोलली असती तर मी भांडले तरी असते.

म्हणून म्हटलं, हा स्ट्रगल एकदा डोळ्यांनी बघून यावा. तू मष्णूला लाडू पाठव म्हणून लिहिलंच होतंस. शेंगदाण्याचे लाडू बांधले आणि लोंढ्याची गाडी धरली. (डब्यात एक बाई तिथल्या तिथं चार लाडू खाऊन मोकळी झाली. तिचाही स्ट्रगलच असणार.) लोंढ्याला उतरून हमालाला विचारलं, रेल्वेच्या नोकरीसाठी झटणारी पोरं कुठं बसतात? तो म्हणाला, “मावशी, हितं जी बसल्यात ती समदी त्याच्यासाठीच बसल्यात.” सगळी बाकडी हिंडले, दोन झोपलेली पोरं उठवून बघितली, त्यातला एक रागावला. मष्णू कुठंच नाही.

शेवटी चहा प्यायला गेले, तर दुकानात बाह्या वर करून तोच. मला बघून त्यानं किटली खाली ठेवली, आणि लगेच परत उचलली, कारण गिऱ्हाईक उभं होतं. भरमू, तिथंच मला तो पहिल्यांदा शहाणा वाटला. मग त्यानं सगळं सांगितलं. दुकान म्हाताऱ्या रवळूचं आहे, त्याला दिसत नाही, तो मष्णूला अर्धी पाती, म्हणजे धंद्यात निम्मी भागी, द्यायला तयार आहे. गार्ड, ड्रायव्हर सगळे त्याला नावानं हाक मारतात. दिवाळीपासून त्यानं एकही अर्ज केलेला नाही. तुझी पत्रं येतात, ‘ट्राय अगेन’ म्हणून, ती नीट जपून ठेवतो, कुणाला हसायला दाखवत नाही. “आप्पाला कसं सांगू, आत्ती? त्यो बिचारा माझ्यासाठी लई झटतोय,” म्हणाला. मनूचं विचारलं तर म्हणाला, “तिला जाऊ दे. ती लहानपणी पाढे चुकलं की मला मारायची, आता तर तिला सरकार छडी देणार.” बोलण्यात परतीची गाडी गेली. पुढची संध्याकाळी. तोवर मी कपबश्या धुतल्या. हात चालत असले की डोकं बरं चालतं.

तिथं मला तू आठवलास. माझी हिरवी चोळी काठीला बांधून रुळाशी गार्ड होऊन उभा राहायचास आणि गाडीला जायला सांगायचास. गाडी जायचीच, पण तुझी छाती फुगायची. चोळी फाटली म्हणून मार मी खाल्ला. पुढं बाबा गेले आणि तू निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जो शिंकत बसलास, तो एकोणीस वर्षं शिंकतोच आहेस. मी कधी तुला विचारलं नाही, ती माझी चूक. पण आता हिशेब असा झाला की अँबिशन तुझं, स्ट्रगल मष्णूचा, आणि बसून राहायचं माझ्या पोरीनं. हे बरं नव्हे. पोराला चहा करू दे. तो चहा चांगला करतो. तुझ्याहून तर चांगलाच.

तुझी तब्येत कशी आहे? शिंकेवर ओव्याची धुरी घे. तुझ्या जयाबाईला आशीर्वाद.

तुझी अक्का,
मालुबाई

ता. क. दुकानाचं तुला सांगणार नाही अशी मी मष्णूपाशी शपथ घेतली होती. त्या वेळी हातात कपबश्या होत्या, म्हणून ती धरत नाही. त्याला रागावून लिहू नकोस. आधी जाऊन एक कप पिऊन ये.

ता. क. दुसरा. मनूला धारवाडला घेतलं आहे. तिथल्या बाईंना इंग्रजी येणाऱ्या नातेवाइकाची चिठ्ठी पाहिजे, आणि आपल्यात इंग्रजी तुलाच येतं. मष्णूसाठी जो शब्द वापरलास तोच लिही, त्याच्या आधी काही जोडू नकोस. मास्तरांकडनं वाचून घेणार आहे. सोबत मराठीत वेगळ्या कागदावर, मामा म्हणून शब्द मोकळा केला, एवढं लिही. ते आमच्या ह्यांना दाखवायला.

ता. क. तिसरा. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं मनू जाते आहे. होकार असला तर शनिवारच्या टपालानं माझ्या हातात पाहिजे. नकार असला तर घाई करू नकोस, मंगळवारी आला तरी चालेल.