बाकावरची साक्षीदार

३ फेब्रुवारी

दार बंद! कालपर्यंत उघडं होतं. आज कळलं, माझ्या धाकट्या भावाच्या खुनाचा खटला यापुढे बंद दालनात चालणार. कारण काय, तर देशाची सुरक्षा. धाकटा निवडणुकीला उभा होता. प्रचारावरून घरी येताना फाटकातच गोळ्या घातल्या. आता त्याला कुणी मारलं हे लोकांना कळलं तर म्हणे देश धोक्यात येतो! जिवंत होता तेव्हा आमच्या गल्लीतला दिवा बदलून घ्यायचा तर चपला झिजवायचा. मेल्यावर एवढा मोठा झाला.

घरचं एकच माणूस आत बसू शकतं. मी पुढे झाले. सरकारी वकील म्हणाले, "तुम्हाला कसं बसता येईल? तुम्ही साक्षीदार. साक्ष होईपर्यंत बाहेरच." मग भावजय आत गेली. मी बाकावर.

आणि साक्षीदार कोण, तर मीच नाचत नाचत झालेले.

४ फेब्रुवारी

बाक. पुकारा दुसऱ्यांचाच.

९ फेब्रुवारी

मला आत जाऊन एवढंच सांगायचंय. त्या दिवशी दुपारी धाकट्याचा अंगरक्षक दुकानात आला. त्याचे गणवेश आमच्या लाँड्रीतच असायचे. दोन्ही अजून ओले होते. म्हणाला, "ताई, असतील तसे द्या. वरून फोन आलाय. आजपासून माझी ड्यूटी काढली." मी पिशवीत कोंबून दिले, वर त्यालाच बोलले की कपडे वाळेपर्यंत तरी दम धर. संध्याकाळी धाकटा गेला.

बस. एवढंच. पोलिसांनी जबाबात लिहून घेतलंय. पण न्यायाधीशांसमोर बोलल्याशिवाय त्याला किंमत नाही, असं वकीलच म्हणतात. भात खाताना, इस्त्री फिरवताना, अंघोळ करताना मी ती वाक्यं म्हणून बघते. ह्यांनी परवा स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाशी बोलतेस?" न्यायाधीशांशी!

१३ फेब्रुवारी

भावजयीकडून सही घेतलीय. आतलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही, बोललीस तर तुरुंग. एकाच टेबलावर आम्ही दोघी जेवतो. तिला सगळं माहीत, मला काही नाही. मी विचारलं, "निदान बरं चाललंय की वाईट?" ती म्हणाली, "वन्सं, आमटी घ्या."

आता ती स्वतः आमटी किती घेते त्यावरून मी खटला ओळखते. आज तिनं घेतलीच नाही.

१४ फेब्रुवारी

सरकारी वकिलांचा कोट धुवायला आला. बाहीला शाई, खिशात बडीशेप. हा कोट रोज आत जाऊन येतो, मी नाही! खसाखसा ब्रश मारला. फाटला असता तरी मला वाईट वाटलं नसतं.

वकिलांना विचारलं, माझा नंबर कधी? "शेवटी, ताई. हुकमाचा पत्ता शेवटीच टाकायचा." खूश होऊन घरी आले. किती वेडी आहे मी.

२० फेब्रुवारी

आज भावजय घरी आली ती थेट मोरीत गेली आणि नळ सोडून रडत बसली. मी दाराशी. मी काही विचारलं नाही, शप्पथ. तिनंच दार किलकिलं करून सांगितलं, "तो अंगरक्षक म्हणाला, मी आजारी होतो. स्वतःहून रजा घेतली होती."

मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, मी काही बोलले नाही हं. माझी पोरं लहान आहेत."

खोटारडा! ताप आलेला माणूस ओले कपडे घेऊन जातो का? अंगाची लाही लाही होतेय. आता तर मला आत जायलाच हवं. एकदा. फक्त एकदा.

२१ फेब्रुवारी

मला वगळलं.

सरकारी वकील बाहेर आले, चालता चालताच म्हणाले, "तुमची साक्ष आता लागणार नाही. पुरावा पुरेसा आहे." मी त्यांच्या मागे धावले. माझ्याच दुकानातून धुऊन गेलेल्या कोटाची बाही धरली. "मग आता मला आत बसू द्या!" तर म्हणाले, घरचं माणूस आहे की आत. एकालाच परवानगी.

म्हणजे साक्षीदार म्हणून बाहेर, आणि साक्षीदार नाही म्हणूनही बाहेर. त्यांनी मला बाकावर ठेवायलाच साक्षीदार केलं होतं. हे आज कळतंय! बाकावर बसून घेतलं. पट्टेवाल्यानं पाणी दिलं. तोही बिचारा काय करणार?

कोर्टाच्या फाटकापाशी एक वार्ताहर मुलगी रोज उभी असते. रोज तिला चुकवून जाते. आज थांबले. भावजयीचं नाव नाही, आतलं काही नाही. फक्त माझ्या दुकानातलं, माझ्या कानांनी ऐकलेलं सांगितलं.

२२ फेब्रुवारी

छापलंच नाही. मुलीचा फोन आला, संपादकांनी काढलं. पण तिनं नेटवर कुठेतरी स्वतःहून टाकलं आणि दुपारपर्यंत तेही उडालं. संपलं.

६ मार्च

निकाल. गोळ्या घालणाऱ्या दोघांना जन्मठेप. कारण वैयक्तिक वैर. बाकी निकालपत्र मोहोरबंद. गिऱ्हाइकं येऊन माझा हात हातात घेतात, "न्याय मिळाला हो ताई!" मी मान हलवते आणि पावती फाडते. फोन कुणी केला ते कुणीच विचारलं नाही. आता विचारणार तरी कुठे? धाकट्या, मला काही जमलं नाही रे.

११ मार्च

पोलीस घरी. बंद खटल्यातला जबाब बाहेर फोडला म्हणून माझ्यावरच खटला. हे डोक्याला हात लावून बसले. भावजय पोरांना घेऊन दाराआड उभी होती. तिला म्हटलं, "तू आमटी कर."

१९ मार्च

तेच दालन. दार सताड उघडं. माझ्या खटल्यात देशाची सुरक्षा नाही, म्हणून कुणीही या! वार्ताहर भिंतीला टेकून उभे, ती मुलगीही. पट्टेवाल्यानं माझं नाव पुकारलं. मी आत गेले, पिंजऱ्यात उभी राहिले.

मग कारकुनानं उठून आरोप वाचला. वाचावाच लागतो, शब्दन् शब्द. मोठ्यानं, न्यायाधीशांसमोर: "आरोपी बाई अशा बोलल्या की, अंगरक्षक त्या दिवशी दुपारी म्हणाला, वरून फोन आलाय, आजपासून माझी ड्यूटी काढली." सगळ्यांची पेनं चालू लागली.

न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुम्ही बोललात, कबूल आहे?"

मी म्हटलं, "कबूल. पुन्हा एकदा वाचायला सांगा."