हेंडनचं जेवण, ईलिंगची सुरी

२२ ऑक्टो. २००६, रविवार. ईलिंग

ठरलं. रीनाचं ठरलं.

सकाळी पोहे परतत होते, फोन आला. ‘आई, डॅनीने विचारलं. मी येस म्हटली.’ पोहे करपले. ह्यांनी तसेच खाल्ले आणि वर ‘छान झालेत’ म्हणाले, म्हणजे ह्यांचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं.

मार्चमध्ये चौतीस पूर्ण होतील तिला. मी विचारायचं कधीच सोडून दिलं होतं. मुलगा आपल्यातला, म्हणजे ज्यू. आपल्यातला म्हणजे रेवदंडा-अलिबागकडचा नव्हे, हेंडनचा गोरा. पण चांगला आहे, आणि माझी वरणपोळी दोनदा मागून खाल्ली आहे त्याने. आईला सांगत नाही एवढंच.

नवस बोलले होते तो लिहून ठेवते, नाहीतर नंतर मीच फाटे फोडीन. एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, सांगितलं होतं, पोरीचं जमू दे, दोन्ही घरची माणसं माझ्या घरात बसवून मलिदा करीन. दोन्ही घरची. माझ्या घरात. तेव्हा बोलायला काय जात होतं.

संध्याकाळी पुन्हा फोन. डॅनीच्या आईवडिलांनी, जूडिथ आणि मार्टिनने, आम्हाला जेवायला बोलावलंय. ५ नोव्हें., दुपारी, हेंडनला. कोशर स्टेकहाउस, एकदम पॉश. मी म्हटलं, अगं, आधी त्यांनी आपल्याकडे यायचं. रीना म्हणाली, ‘आई, ती लोकं कुणाच्या घरी खात नाही. कोशरचा फार स्ट्रिक्ट आहे त्यांचा.’

कुणाच्या म्हणजे आपल्या.

२४ ऑक्टो., मंगळ.

दोन दिवस डोक्यात तेच. कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचं सोवळं, मीही पाळते. माझ्या स्वयंपाकघरात मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. आई करायची तसं, आजी करायची तसं. मटण अजून मिठात घालून रक्त काढून घेते. आणि ह्या बाईला माझ्या ताटात जेवायची धास्ती. हॉटेल का, ते मला बरोबर कळलं. हॉटेलात कुणाला कुणावर भरवसा ठेवावा लागत नाही.

जूनमध्ये रीनाच्या फ्लॅटवर चहाला एकदाच भेटलो होतो. तेव्हा जूडिथने ह्यांना विचारलं होतं, ‘तुमचं घराणं ज्यू कधी झालं?’ हे म्हणाले, ‘नवगावच्या किनाऱ्याला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, त्याच्या बऱ्याच आधी.’ तिने हवेचा विषय काढला. काळा चहा प्यायली, तोही कागदी कपात.

आज हे म्हणतात, ‘कशाला जिवाला लावून घेतेस? जाऊ आणि मस्त हाणू.’ ह्यांचं सगळं असंच असतं.

२९ ऑक्टो., रवि.

साउथॉलला जाऊन आलो. गहू, चार नारळ, वेलची. गव्हाच्या चिकाचा हलवा करणार. मटणाच्या जेवणावर दुधाचं चालत नाही, त्यामुळे अशा हॉटेलांत गोडाची बोंब असते म्हणे. डॅनीच सांगत होता, आइस्क्रीम म्हणून जे देतात ते न बोललेलं बरं. आमच्याकडे ही अडचण आजीच्या आजीने सोडवून ठेवली आहे. नारळाचं दूध. व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, मग ते हॉटेलात का भेटेनात.

रीनाला सांगितलं. ‘आई, प्लीज, नको.’ ऐकलं नाही.

३० ऑक्टो., सोम.

गहू भिजत घातले.

२ नोव्हें., गुरु.

हलवा झाला. वाटण, गाळण, चीक काढणं, सगळं एकटीने. ढवळायला मात्र हे. ‘हात गेला, हात गेला’ करत ढवळलं आणि मधूनमधून चमच्याने चाखलं. गुलाबी रंग सुरेख आला. वर बदामाचे काप. वडी पडली तेव्हा खरंच आनंद झाला. आई असती तर म्हणाली असती, साखर थोडी जास्त.

३ नोव्हें., शुक्र.

दिवे लावायच्या आत दोन ओळी. हिरवी साडी. रीना म्हणते ‘ग्रीन साडी छान आहे पण कोट वरून घाल’. कोट घालायचा तर साडी कशाला नेसायची. उद्या शब्बाथ, लिहिणं नाही. परवा ते जेवण.

५ नोव्हें., रवि.

सगळं नीट लिहायचंय. बाहेर फटाके वाजतायत, गाय फॉक्स नाइटचे, इथे दर पाच नोव्हेंबरला वाजतात ते. मला ते आमच्यासाठीच वाटतायत, इतकी आज मी खुशीत आहे आणि इतकी चिडलेलीही.

हॉटेल खरंच पॉश. चामड्याच्या खुर्च्या, पांढरेशुभ्र रुमाल, मेन्यूकार्ड आमच्या लग्नाच्या अल्बमएवढं. जूडिथने मला मिठी मारली, मार्टिनने ह्यांची पाठ थोपटली. दारातच डबा पकडला गेला. तिथे मशगियाख असतो, कोशरवर देखरेख ठेवणारा. तांबूस दाढी, वय डॅनीएवढं, अगदी नम्र. ‘मॅडम, बाहेरचं काहीही आत नेता येत नाही. माझ्या स्वतःच्या आईचा केकसुद्धा मी आत येऊ देत नाही.’ मी म्हटलं, अहो हलवा आहे, दूध नाही त्यात. ‘आय बिलीव्ह यू,’ म्हणाला, आणि दारातून हलला नाही. डॅनीने डबा गाडीच्या डिकीत नेऊन ठेवला. रीना माझ्याकडे पाहीना. ‘सांगितली होती मी.’

मग ऑर्डर. वेटर आमच्यापाशी आला आणि ह्यांनी कार्ड न उघडताच सांगितलं, ‘रिबआय, मीडियम रेअर.’

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आमच्या घरात बीफ येत नाही. माहेरी नाही, सासरी नाही, लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी नाही. मीडियम रेअर कुठे शिकले? हे पाण्याचा ग्लास न्याहाळत बसले.

मी चिकन मागवलं.

जूडिथचा चेहरा पडला. पाव तसाच हातात. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, ‘फ्लोरा, इथलं बीफ तुम्हाला चालत नाही का? आम्हाला वाटलं होतं हे पुरेसं स्ट्रिक्ट आहे.’ मला आधी कळेचना. मग कळलं. बीफच्या बाबतीत त्यांच्यातल्या फार कडक लोकांचे आणखी नियम असतात, चिकनला ते नसतात. माझ्या चिकनवरून ती समजली की मी तिच्यापेक्षा कडक आहे, आणि तिचं हॉटेल माझ्या पसंतीला उतरलं नाही.

मी सांगेपर्यंत मार्टिनने मशगियाखला बोलावलंसुद्धा. तो उभा राहून जनावराची फुफ्फुसं कशी तपासतात, हात कसा आत घालतात, फुंकून कशी बघतात, ते मला सविस्तर सांगू लागला. शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली. हे रुमालात तोंड घालून हसत होते. रीना लाल. डॅनीही लाल.

शेवटी मी म्हटलं, थांबा. सगळं कोशर आहे, मला मान्य आहे. पण मी बीफ खात नाही, कारण रेवदंड्याला आमच्या शेजारी गोदाकाकू राहायच्या. त्यांच्या विहिरीवर आम्ही पाणी भरायचो. आमच्या घरात ते शिजलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. त्या काही बोलल्या नसत्या, पाणीही दिलं असतं. म्हणून वडिलांनी कधी आणलं नाही, आणि मला अजून घशाखाली उतरत नाही.

जूडिथने हातातला पाव खाली ठेवला. मग म्हणाली, ‘आणि गोदाकाकू तुमच्याकडे खायच्या?’ मी म्हटलं, भाकरी नाही. फळं खायच्या. नारळ खायच्या.

मशगियाख म्हणाला, ‘सो, द चिकन,’ आणि गेला.

नंतर जेवण फार छान झालं. खोटं कशाला बोलू. चिकन लुसलुशीत, बटाटे कुरकुरीत. मार्टिन गमत्या आहे. ह्यांनी गलबताची गोष्ट पुन्हा सांगितली, ह्या वेळी वादळासकट, आणि जूडिथही हसली. लग्न जूनमध्ये धरायचं म्हणाले. डॅनीने टेबलाखाली रीनाचा हात धरला होता, आम्हाला दिसत नाही असं समजून. गोड म्हणून ते आइस्क्रीम आलं. सगळ्यांनी एकेक चमचा खाऊन ठेवलं.

बाहेर आल्यावर मी डॅनीला म्हटलं, डिकी उघड. फुटपाथवरच डबा उघडला. डॅनीने तीन वड्या खाल्ल्या. मार्टिनने जूडिथकडे एकदा पाहिलं आणि एक उचलली, मग आणखी एक. ‘धिस इज व्हॉट दे शुड सर्व्ह इन देअर.’ जूडिथने वडी घेतली. वास घेतला. ‘ब्यूटिफुल कलर,’ म्हणाली. टिश्यूत गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.

मी म्हटलं, राहू दे, सावकाश खा.

वाईट वाटलं. खूप वाटलं. पोरीचं लग्न जूनमध्ये, आणि मी एका गुलाबी वडीसाठी गाडीत रडत होते. हे म्हणाले, ‘अगं, टाकली तर नाही ना तिने.’

६ नोव्हें., सोम.

मीडियम रेअरचा छडा लागला. अठ्ठावीस वर्षं हीथ्रोला नोकरी केली तेव्हापासून, दर महिन्याला पगार झाला की स्टेक सँडविच. कोशर दुकानातलं, बरं का, असं वर सांगतात. मी म्हटलं, गोदाकाकूंना काय सांगाल? म्हणाले, ‘गोदाकाकू तुझ्या. माझ्या शेजारी ठाण्याला पोलीस चौकी होती.’

हसू आवरेना. रागावायचं राहून गेलं.

मलिद्यासाठी १९ ता. धरली आहे, रविवार. वेंबलीची आपली मंडळी येतील. हेंडनची दोन माणसं आली नाहीत तर नवस फेडला असं म्हणता येईल का? ह्यांना विचारलं. म्हणाले, ‘हन्नाबी समजून घेईल.’ घेईलही. मी घेणार नाही.

९ नोव्हें., गुरु.

जूडिथचा फोन. स्वतःहून.

आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाली, ‘फ्लोरा, तुम्ही चिकन मागवलंत ना, तेव्हा मला पाच मिनिटं फार वाईट वाटलं. आम्ही तुम्हाला बोलावलं आणि आमचं तुम्हाला चालत नाही, असं.’ मी म्हटलं, हो, तसं वाटतं खरं. तिच्याकडे मागे कुठेतरी रेडिओ चालू होता.

मग म्हणाली, रीनाकडून मलिद्याचं कळलं. ते काय असतं? सांगितलं. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची. वर पाच फळं, खजूर, गुलाबाच्या पाकळ्या. प्रार्थना, गाणी, मग सगळ्यांना वाटायचं.

‘शिजवायचं काय काय?’

‘काहीच नाही.’

‘काहीच नाही?’

‘जूडिथ, पोहे भिजवायचे आणि फळं कापायची.’

पुन्हा रेडिओ. मग म्हणाली, ‘मी सकाळी लवकर येते. फळं मी कापते.’

फोन ठेवल्यावर मी एकटीच स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. गुडघा दुखला. दुखू दे.

१२ नोव्हें., रवि.

आता सुरीचं. काल झोपताना लक्षात आलं. फळांना विस्तव लागत नाही, पण सुरी लागते. आणि सुरी माझी.

हे: ‘नवी आणू. पाकिटातून तिच्यासमोर काढ. प्रश्न मिटला.’ रीनाही तेच: ‘नवा सुरी घे ना आई. व्हाय मेक इट हार्ड?’

नाही. लाकडी मुठीची आहे, इथे आले त्या वर्षी घेतलेली. फळांशिवाय तिने काही कापलेलं नाही. तिच्यात खोट काय आहे? नवी आणली म्हणजे जुनीत खोट होती असं मीच कबूल केल्यासारखं.

१६ नोव्हें., गुरु.

ब्रॉडवेला गेले होते खजूर आणायला. सुऱ्यांच्या दुकानात शिरले. एक हातात घेतली, छान होती, हलकी. परत ठेवली. पुन्हा घेतली. दुकानातली मुलगी ‘कॅन आय हेल्प?’ म्हणाली. म्हटलं, नाही गं बाई, ह्यात तुझी मदत नाही.

गुलाब घेऊन घरी आले.

१७ नोव्हें., शुक्र.

पोहे निवडले. नारळ खवले. रीना आली आहे राहायला. गूळ चोरून खातेय, पाच वर्षांची असताना खायची तशी. सुरी घासून पुसून ओट्यावर ठेवली. रीनाने ती पाहिली आणि गळ्यात पडली.

१९ नोव्हें., रवि. सकाळ

चष्मा विसरले म्हणून वर आले आहे. म्हणजे जूडिथला तसं सांगितलंय. चष्मा डोळ्यावरच आहे.

ती साडेनऊला आली, एकटी. मार्टिन दुपारी येणार. कोट काढला, बाह्या वर केल्या. खांद्याला कापडी पिशवी, तीतून टी-टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट वर आलेलं. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं. मी पपई पुढे केली आणि काही बोलले नाही. आयुष्यात एवढा वेळ गप्प बसले नव्हते.

तिने ओट्यावरची सुरी उचलली. अंगठ्याने धार पाहिली. ‘शार्प,’ म्हणाली. पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली, गुंडाळी आतच.

खाली हे आणि रीना खुर्च्या मांडतायत, आवाज येतोय. खाईल की नाही, माहीत नाही. बारा वाजता मंडळी जमतील, प्रार्थना होईल, ताट फिरेल, तेव्हा कळेल. कदाचित पुन्हा टिश्यू निघेल. मी तिकडे बघणार नाही असं ठरवलंय. बघेनच.

जिन्यातून हाक आली. ‘फ्लोरा, किती बारीक कापू?’