हाडाचे हँडल

नेआफू, वावाऊ बेट
लग्नानंतरचा सोमवार

प्रिय पेलेनातीता हिस, थोरल्या बहिणीचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझा गुडघा, तुझ्या सुनेचा स्वभाव आणि ऑकलंडची थंडी या तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करते. (तिन्हींसाठी रोज जपमाळ ओढते, सुनेसाठी दोनदा.) मी ठणठणीत आहे. डुकरे ठणठणीत आहेत. आपल्या धाकट्या भावाची, पातेलिसिओची, लेक लग्न होऊन सासरी गेली आणि तू आली नाहीस, यावर मी एक अक्षरही लिहिणार नाही. विमानाचे तिकीट महाग असते हे मला ठाऊक आहे. तुझ्या नव्या सोफ्याचा फोटोही मला मिळाला आहे.

तर माझ्या गाडीच्या दाराचे ऐक. लग्नाच्या आधीच्या रविवारी मिस्साला पोचले, उतरायला गेले, आणि माझ्या बाजूच्या दाराचे आतले हँडल तुटून माझ्या हातात आले. त्या दाराची काच वादळापासून वर अडकलेली, म्हणजे हात बाहेर काढून दार उघडायचीही सोय नाही. राहिला एकच मार्ग: गिअरच्या दांड्यावरून सरपटत डाव्या दाराने. माझ्या या देहाला ते फक्त पाठमोरे जमते. कमरेला मिस्साला गुंडाळायची ती ताओवाला चटई, ती आत अडकलेली, आणि चर्चच्या पायरीवर उभ्या असलेल्या मंडळींना सगळ्यात आधी काय दिसले ते मी लिहीत नाही. आपल्याला सिस्टरांनी गुडघे जुळवून, पाठ ताठ ठेवून वाहनातून उतरायला शिकवले होते. (तेव्हा गावात मोटारी मोजक्याच होत्या, पण सिस्टर दूरचे बघत.) कोर्टात कारकून असताना मी नुसती खाकरले तरी वकील गप्प बसत. आणि त्या दिवशी पाद्रीसाहेबांनी आकाशाकडे पाहिले. आकाशात काहीही नव्हते.

शनिवारी लग्न. मी नवरीची आत्या. म्हणजे मांडवात माझ्याहून मानाने मोठे कोणी नाही, झाडाच्या सालीच्या कापडाची सगळ्यात लांब पायघडी माझ्यासाठी, आणि ती संपते तिथे नवऱ्याची आत्या उभी राहणार. ती कोण, तर फोलोला! शाळेत सिस्टरांकडे माझ्या चहाड्या करणारी. तिच्यापुढे मी गाडीतून पाठमोरी बाहेर आले असते, तर आपल्या घराण्याविषयी पुढच्या तीन पिढ्या तेवढेच बोलले गेले असते.

गॅरेजवाला म्हणाला, हँडल बोटीने येईल, नाताळपर्यंत. आपली भावजय लुसेआने म्हणाली, "वन्सं, आमच्या ट्रकमध्ये या की. मागे डुकरं भाजून ठेवलेली असतील, त्यांच्याशेजारी ऐसपैस जागा आहे." मी तिला जे उत्तर दिले ते रविवारी पाद्रीसाहेबांच्या कानात सांगून मोकळी झाले.

शुक्रवारी पातेलिसिओ आला. हातात स्क्रू-ड्रायव्हर, कानस, सूप प्यायचा चमचा, गाईच्या पायाचे हाड आणि काथ्याच्या वळलेल्या दोरीचे भेंडोळे. तू इतकी वर्षे परदेशात आहेस म्हणून आठवण करून देते: भाऊ बहिणीसमोर वाईट शब्द काढत नाही, थट्टा करत नाही, तिच्या खोलीत पाय ठेवत नाही. पातेलिसिओच्या लेखी माझी गाडीही माझी खोलीच. त्यामुळे तो दाराबाहेर गुडघ्यांवर बसला, मी आत माझ्या सीटवर बसले (दार माझे, देखरेख कोण करणार?), आणि हातभर अंतरावरचे आमचे सगळे बोलणे लुसेआनेमार्फत झाले.

पण पेलेनातीता, काय हात आहे ग त्याचा! चमच्याच्या टोकाने त्याने दाराचे आतले अस्तर असे सोडवले की एक ओरखडा नाही. पोकळीत बोटे घालून हँडलची बारीक सळई शोधली. मग हाड घासत बसला. लहानपणी तो माशांचे गळ कोरायचा तसेच, जीभ दातांत धरून. पाहता पाहता हँडल तयार, गुळगुळीत, माझ्या बोटांच्या मापाचे. (माझ्या बोटांकडे त्याने पाहिले कधी, कोण जाणे.) मधे एक स्क्रू दाराच्या पोटात पडला. पातेलिसिओने हत्यारे खाली ठेवली, शांतपणे उठला, पार डुकरांच्या कुंपणापर्यंत गेला, डुकरांना काहीतरी सांगितले आणि परत येऊन कामाला बसला. डुकरे बराच वेळ हिरमुसलेली होती. तोंडावर असा ताबा मी कोणा बिशपातही पाहिला नाही.

शेवटी त्याने हँडल आणि सळई काथ्याने बांधली, घराचे वासे बांधतात तशी, एकावर एक वेढे देऊन. दार लावले. मी हँडल ओढले. काही नाही. त्याने बाहेरून ओढले. काही नाही. वादळात छप्पर उडू नये म्हणून बांधणाऱ्या माणसाने बांधलेले दार होते ते! खटकाच जखडला गेला होता.

लुसेआने डाव्या दारातून डोकावली. "वन्सं, हे विचारतायत, नीट ओढलंत का?"

"त्याला सांग, मी कोर्टात होते, बंदरावर हमाल नव्हते!"

"अहो, वन्सं म्हणतायत, तुम्हाला काही येत नाही."

मी असे म्हटले नव्हते. पातेलिसिओ पुन्हा डुकरांकडे गेला.

"वन्सं, गेलेत हे. या इकडून बाहेर, पाठमोऱ्या या. मी डोळे मिटते."

"आणि उद्या? फोलोलाला पण डोळे मिटायला सांगशील?"

पातेलिसिओ परत आला, पण गाठ माझ्या बाजूला, तो काचेपलीकडे. आत हात घालायचा तर माझ्या मांडीवरून, आणि ते त्याने जन्मात केले नसते. मग त्याने काय केले? दोरीचा दुसरा तुकडा घेतला, बायकोचे मनगट पुढे ओढले आणि काचेपाशी धरून त्यावर तीच गाठ बांधून, सावकाश, एकेक वेढा सैल करून मला दाखवली. लुसेआने ओरडत होती, "अहो, हात आहे, वासा नाही!" तो मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून दाखवायचा. मी चमच्याचे टोक वेढ्यात घालत होते, घामाने निथळत होते, आणि तो चुकूनही घाई करत नव्हता. बोटीचा कप्तान असताना वादळात लोक त्याच्या भरवशावर झोपायचे कसे, ते मला त्या सीटवर बसून कळले.

शेवटचा वेढा सैल झाला तेव्हा लुसेआनेचे तोंड उघडायच्या आत तोच बोलला, काचेतून, थेट मला. "आकोसिता, आता ओढ."

दार उघडले. आम्ही दोघांनीही फणसाच्या झाडाकडे पाहिले.

शनिवारी मी फोलोलासमोर गुडघे जुळवून, पाठ ताठ ठेवून, पाय आधी टाकून उतरले. एवढेच कळवायचे होते. मला कशाचीही गरज नाही.

तुझी बहीण,
आकोसिता

ता. क. गाडी आता माझ्याकडे नाही. मांडवात फोलोलाने आहेराच्या शिडाएवढ्या चटया एकामागून एक उलगडल्या आणि दर वेळी तिरका डोळा माझ्याकडे. शेवटी मी उठले आणि गाडीची किल्ली नवरीच्या हातात ठेवली. फोलोलाचा चेहरा पाहायला तरी तू यायला हवे होतेस. पोरीचे सासर लांब आहे, तिथे बस जात नाही, तेव्हा मी हे रागाच्या भरात केले असे कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नकोस.

आणखी एक. तुझ्या मुलाला तिथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पाठव आणि एखादी बोटीवर चढव. इंजिन चांगले बघ, रंग कुठलाही चालेल. मात्र माझ्या बाजूचे दार आतून उघडत असेल तर ती घेऊ नकोस. पातेलिसिओने दुसरे हाड घासायला घेतले आहे.