गाद्यांच्या दुकानातलं वैराग्य

२ जून, सोमवार
रोजनिशी खरं तर जानेवारीतच सुरू करणार होतो. आधी पेन सापडेना, मग मूड सापडेना. असो. ताईने आज धर्मग्रंथ हातात ठेवला. म्हणाली, वाच, आतून जरा बदल. यांनी तुला दुकानात घेतलंय, वरची खोली दिलीय, पण या महिन्यात टिकला नाहीस तर परत बाबांकडे. बाबांकडे! त्यापेक्षा मोक्ष सोपा.
संकल्प : रोज एक अध्याय.

३ जून
पहिला अध्याय रागावर. अप्रतिम! ओळन् ओळ भावोजींना लागू पडते. पेन्सिलने खुणा करून ठेवल्या. माझ्यासाठी अजून काही आलेलं नाही. पुढे असेल.

५ जून, दुपार
क्षमेचा अध्याय ऐन रंगात आणि एक बाई सारख्या मध्ये. उशी मऊ आहे का? धुता येते का? माझा आवाज चढला. बाई म्हणाल्या, उशी मागितली मी, तुमचं डोकं नाही मागितलं.
दोष माझा नाही. अध्याय अर्धाच झाला होता.

७ जून
वाचन नाही. समोर क्रेन आली होती.

९ जून
वैराग्य! अंगावर काटा आला. नवीन लग्न झालेलं जोडपं जाड गादी बघायला आलं. मी शांतपणे सांगितलं, सुख गादीत नसतं, जमिनीवर झोपणाऱ्याला पडायची भीती नसते. त्यांना एकदम पटलं. लगेच निघून गेले.
भावोजी मागे उभे होते. म्हणाले, मेव्हणे, प्रवचनाला तिकीट लावा, निदान लाइटबिल तरी निघेल.

११ जून
आजपासून मौन. फोनसुद्धा नाही.

१२ जून
काल वाजत होता तो हॉस्टेलच्या मॅनेजरचा फोन होता म्हणे. सगळ्या खोल्यांच्या गाद्या. भावोजी वर्षभर त्याच्या मागे होते. त्याने दुसरीकडून घेतल्या.
भावोजी ओरडले नाहीत. शटर अर्धं ओढलं आणि नमुन्याच्या गादीवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, रागावर माझी तयारी होती.
ताईला म्हटलं, चुकलं गं. ती म्हणाली, हे कुठल्या अध्यायात आहे?

१३ जून, सकाळ
ठरलं. भावोजींची माफी मागायची. साध्या शब्दांत, ग्रंथ वरच ठेवून. चहा झाला की लगेच.

चहा झाला. आंघोळ झाली की लगेच.

खाली गाडी थांबली. ताई ओरडली, अगंबाई, बाबा? तुम्ही? न कळवता? भावोजी शपथेवर सांगतायत की मी नाही हो बोलावलं. गेल्या चार वर्षांत जे गल्लीबाहेर पडले नाहीत, ते बाबा! विचारतायत, कुठाय आमचं रत्न?
समबुद्धीचा अध्याय उघडून बसलोय. एक अक्षर लागत नाही. खिडकीतून माणूस जात नाही, बघितलं. बाबा जिना चढतायत.